आश्रुबाची रतन

आश्रुबा सरपंच जेसीबीच्या बकेटातून पडले. हे सांगताना छबुबाईला अजून लाज वाटायची. माणसं पडतात ती विहिरीत, झाडावरून, फार तर मोटरसायकलवरून. हे पडले ते झेंडूची फुलं उधळताना. कुणी मोठा पुढारी गावात येणार होता. त्याच्यावर जेसीबीतून फुलं टाकायची ठरलं, आणि त्या कामाला दोनदा सरपंच झालेल्या माणसाइतका लायक कोण सापडणार? पुढारी आला, फुलं पडली, फुलांमागोमाग सरपंचही.

संभाजीनगरच्या दवाखान्यात कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. जीव वाचला. पुढारी एकदा शाल घेऊन आला आणि फोटो काढून गेला. उजवा हात ढिला राहिला, चाल हळूहळू सुधारली. पण भाषणाला उभा राहिला की ज्याच्या हातातून माईक ओढून घ्यावा लागायचा, त्या माणसाची वाचा गेली.

अगदीच गेली असती तरी छबुबाईनं सोसलं असतं. ती ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत होती तेव्हा त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्वच्छ म्हणाले, "रतन."

नर्सबाईला केवढा आनंद झाला. "बोलले की हो. तुमचंच नाव का मावशी?"

"न्हाई," छबुबाई म्हणाली, आणि कापूस वाटीत टाकून दिला.

तेव्हापासून एवढा एकच शब्द. पाणी हवं असलं तरी रतन, भाजीत मीठ कमी पडलं तरी रतन, डास चावला तरी रतन. डॉक्टरांनी दवाखान्यातच सांगितलं होतं की अशा माराने कधी कधी एखादाच शब्द जिभेवर अडकून राहतो. पण त्या दिवशी रक्ताच्या बाटलीसाठी धावाधाव चालली होती, आणि बाटली शोधणाऱ्या बाईच्या डोक्यात शब्द कुठं शिरतो? घरी आल्यावर मात्र तोच एक शब्द राहिला. तोही अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा, कारण आवाजाला काहीच झालं नव्हतं.

पिठाच्या गिरणीत बाया तोंडाला पदर लावायच्या. धाकटी जाऊ कौसा शेजारच्याच घरात राहायची, तिला तर रोजची करमणूक झाली. सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "जाऊबाई, आज रतन लवकर उठली वाटतं."

छबुबाईला खरं दुःख निराळंच होतं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण तिचं नाव या माणसाच्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं. आधी नुसतं "अगं", मुलगी झाल्यावर "तेजूची आई". तिनंही कधी त्यांचं नाव घेतलं नाही, "अवं" वर संसार झाला. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, सगळ्यांचीच तशी रीत. पण जो माणूस बायकांची नावं घेतच नाही, त्यानं कुणाचंच घेऊ नये ना. छबूला जागा नाही आणि रतनला अख्खं तोंड?

एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून तिनं दार लोटलं आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली.

"अवं, एक विचारते. खरं सांगा. ही रतन कोण बाई हाय का?"

सरपंचांनी मान हलवली. हो.

तिनं पाट आणखी पुढं ओढला. तरुणपणी हे परळीला होते. तिथल्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा ट्रक चालवायचे, महिना महिना गावाकडं यायचे नाहीत. "परळीची का?"

हो.

"लग्नाच्या आधीची का नंतरची?"

हो, म्हणाली मान. आता हा काही हो-नाहीचा प्रश्न नव्हता, पण संतापलेल्या माणसाच्या हे ध्यानात येत नाही. शेवटी तिनं विचारलं, "अजून बी मनात हाय?" आणि त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चोरी पकडली गेल्यावर येतं तसलं ते पाणी, असं छबुबाईनं ठरवून टाकलं.

संध्याकाळी तिनं चकलांब्याला भावाला फोन लावला. "बद्री, पंचमीला न्यायला ये. कपडे जरा जास्त घेऊन येते."

बद्रीनाथनं जपून विचारलं, "किती दिवसांचे, आक्का?"

"हायेत तेवढे समदे."

त्याला कळलं. तो म्हणाला, "तुझंच घर हाय."

पंचमीला अजून बराच अवकाश होता, आषाढ नुकताच लागला होता. त्यात बीडहून लेक तेजश्री आली आणि म्हणाली, "आई, गेवराईला अशा लोकांचा एक गट बसतो. डोक्याला मार लागलेले आणि त्यांच्या घरचे. अप्पांच्या हाताचा व्यायाम घेतात ना, त्या मॅडमनी सांगितलं. एकदा चल."

छबुबाईनं नाही म्हटलं नाही. ती निघून गेल्यावर ह्यांना कौसाकडंच राहायचं होतं. गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधताना धार कोणत्या अंगानं काढू देते हे सांगून जावंच लागतं. चार गोष्टी कळल्या तर कौसाला सांगून मोकळं होता येईल, एवढ्याच हिशेबानं ती रिक्षात बसली.

गट बसायचा एका मंगल कार्यालयात. ज्या रविवारी लग्नाची तिथी नसेल त्या रविवारी मालक हॉल उघडून द्यायचा. त्यामुळं ह्या लोकांच्या बैठका पंचांगावर चालत. वैशाखात सगळे आपापल्या घरी दुखणं सांभाळून बसायचे, आषाढ लागला की दर रविवारी भेट. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह' होतं, त्यातला 'ह' गळून पडलेला.

सरपंचांनी तो हॉल बघितला, स्टेज बघितलं, आणि त्यांचा चेहराच उजळला. खणखणीत आवाजात म्हणाले, "रतन!"

"काय वो?" पलीकडच्या रांगेतून एक बाई म्हणाली.

छबुबाई जागच्या जागी थांबली. हिरवं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, दंडात चांदीचं कडं, उन्हानं रापलेली धिप्पाड बाई. वय ह्यांच्याच आगेमागे. छबुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "परळीच्या का तुमी?"

"आँ? न्हाई वो बाई. परळी मी बघितली बी न्हाई. आमी मेंढरांची माणसं. थर्मलमधी जाऊन मेंढरं काय कोळसा खातेल?"

"मग ह्यांना कशा वळखता?"

"मी कुठं वळखते? माझं नाव रतनबाई. त्यांनी हाक मारली, मी ओ दिली. तुमी कावून एवढ्या तापल्या?"

तेजश्रीनं आईचा हात दाबला आणि घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. रतनबाईनं ऐकून घेतलं, आणि मग अशी हसली की खुर्ची करकरली. शेजारी तिचा नवरा धुळाजी बसला होता, पांढरं मुंडासं आणि झुपकेदार मिशा. रस्ता ओलांडताना पिकअपनं मेंढरांबरोबर त्यालाही उडवलं होतं. बायको हसतेय म्हटल्यावर तोही खूश होऊन म्हणाला, "हुर्र."

"बघा," रतनबाई म्हणाली. "ह्या माणसाच्या तोंडात एवढंच उरलंय. मेंढरं हाकायचं. सकाळपासून मला हुर्र, लेकीला हुर्र, देवाला बी हुर्र. मग मी काय मेंढी झाले का? त्या कोपऱ्यातल्या मास्तरांना विचारा कायबी, 'हजर' म्हणतेल. चहा दिला तरी हजर, बायकोनं शिव्या घातल्या तरी हजर."

कोपऱ्यातले मास्तर अदबीनं म्हणाले, "हजर."

एवढ्यात एक पोरगेला माणूस उभा राहिला आणि हात वर केला. हॉल गप्प झाला. हा बजरंग, हा गट त्यानंच जमवलेला. पूर्वी लग्नात डीजे वाजवायचा, छातीत धडधड होईल असा. मोटरसायकलवरून पडल्यापासून त्याला ताटली पडल्याचा आवाजसुद्धा सोसत नव्हता. म्हणून इथं नियम होता, एका वेळी एकानंच बोलायचं आणि हळू बोलायचं. रतनबाईच्या हसण्याला तेवढी सूट होती.

"काकू," बजरंग म्हणाला, "सरपंच हो-नाही कसं सांगतात?"

"मानेनं. हो म्हणतात."

"आणि नाही?"

छबुबाई आठवू लागली. दवाखान्यातून आल्यापासून ह्यांनी कधी नाही म्हटल्याचं तिला आठवेना. तिला वाटलं होतं, दुखण्यानं माणूस गरीब झाला.

बजरंग सरपंचांच्या समोर खुर्ची ओढून बसला. "अण्णा, राग मानू नका. काकूंना दाखवायचंय. तुमचं नाव आश्रुबा?"

मान हलली. हो.

"मी तुमचा सासरा?"

हो.

"तुमी बाईमाणूस हाव?"

हो, म्हणाली मान. पण ह्या वेळी सरपंच स्वतःच दचकले. चांगला हात त्यांनी कपाळावर मारला, मानेकडं बोट दाखवलं, आणि अगदी हळू, ओशाळून म्हणाले, "रतन."

कुणी हसलं नाही. बजरंगनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मनात न्हाई असतं, मानेत हो येतं. माझं बी सुरुवातीला तसंच व्हतं. माझ्या भावानं विचारलं, गाडी विकू का? मी मान हलवली. गाडी गेली. मी काय सांगत होतो?"

"हो-नाहीचं," तिघाचौघांनी हळू आवाजात सांगितलं. त्याचं असं हरवणं सगळ्यांच्या सवयीचं होतं.

"हां. तर मानेवर विसंबायचं न्हाई. दोन वस्तू समोर धरायच्या, हात कुठं जातो ते बघायचं."

छबुबाईला पुढचं फारसं ऐकू आलं नाही. तिला ती दुपार दिसत होती. पाट, लोटलेलं दार, आणि समोर बसलेला माणूस. चार प्रश्न. चारही वेळा तो आतून नाही नाही म्हणत असेल आणि मान त्याला दगा देत असेल, तर? ते डोळ्यांतलं पाणी मग कशाचं होतं?

चहाच्या वेळी तिनं बजरंगला बाजूला गाठलं. "म्हणजे रतन कुणी न्हाई?"

बजरंगनं चहाचा कप खाली ठेवला. "ते मला न्हाई सांगता येणार काकू. असंल बी, नसंल बी. शब्द कुठून येऊन अडकतो ते डॉक्टरला बी सांगता येत न्हाई. धुळाजीमामांचं सोपं हाय, आयुष्यभर तेच म्हणत आले. सरपंचांचं… बैलाचं नाव असंल, शाळेतल्या पोराचं असंल, कुठं पाटीवर वाचलं असंल."

"आणि बाईचं असंल तर?"

"तर असंल," बजरंग म्हणाला. "पण तिला हाक मारतेत असं समजू नका. हाक तुमालाच असती."

असल्या उत्तरानं कुणाचं समाधान होतं? रिक्षात छबुबाई तेच मनात घोळवत होती. रतन नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, तर तिनं पंचमीचा बेत मोडला असता. रतन आहे असं ठामपणे कळलं असतं, तर सुखानं गेली असती. आता दोन्हीतलं काहीच नव्हतं, आणि आयुष्यभर असणार नव्हतं.

पण पुढच्या रविवारी ती गेली. कौसाला सांगण्यापुरतं अजून थोडं शिकायचं राहिलंय, असं तिनं स्वतःला बजावलं.

रतनबाई तिची वाट बघत होती. ती शिकवायची ते मेंढरं चारताना लेकरांना शिकवावं तसं. "बाई, तुमी नावाला धरून बसल्या. त्याला सोडा की जरा. कोकरू ओरडतंय तर भुकेनं का आईपायी, हे काय शब्दावरून कळतं का? ऐका बघू, आता सरपंच काय म्हणले?"

"रतन म्हणले."

"ते मला बी ऐकू आलं, माझंच नाव हाय. कसं म्हणले?"

छबुबाईनं आठवून बघितलं. शेवट वर गेला होता, आणि ते खिडकीकडं बघत होते. "ऊन लागतंय म्हणतेत," ती म्हणाली आणि स्वतःच नवल करत पडदा ओढला. सरपंचांनी सुटकेचा श्वास सोडला.

घरी आल्यावर तिचं लक्ष त्या आवाजातच गुंतायला लागलं. पाण्याची रतन आखूड होती, भुकेची लांबट. मळ्याकडं जायचं असलं की दोनदा, लागोपाठ. चुलीशी बसल्या बसल्या ती ओळखायची आणि बरोबर आलं की मनात खूश व्हायची. चुकलं की सरपंच चिडायचे, मग तीही चिडायची, "अवं, सारखंच म्हणता ते, मला कसं कळावं?" ह्यावर त्यांची लांबलचक रतन यायची, आणि ती ऐकून तिला हसू फुटायचं, कारण ती थेट त्यांच्या जुन्या भांडणासारखी असायची.

गटात धुळाजीची आणि त्यांची दोस्ती जमली. एक मेंढक्या, एक सरपंच. एरवी हा बाजेवर आणि तो दाराबाहेर उभा, अशीच भेट झाली असती. इथं दोघं एकाच बाकावर बसून बोलायचे.

"रतन?"

"हुर्र."

"रतन, रतन."

"हुर्रर्र," असं म्हणून धुळाजी मांडीवर थाप मारायचा आणि दोघं पोट धरून हसायचे. कशाला ते बायकांना अखेरपर्यंत कळलं नाही. रतनबाईचं म्हणणं, "आपल्यालाच हसत असतेल, दुसरं काय."

आषाढातल्या शेवटच्या रविवारी पाऊस लागून होता. त्या दिवशी मास्तरांना पहिल्यांदा दुसरा शब्द आला होता, बायकोकडं बघून ते "चहा" म्हणाले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बजरंगसाठी हळूच, दोन दोन बोटांनी. टाळ्या ऐकल्या आणि सरपंच उठले. तेजश्री धरायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. पायऱ्या चढून ते स्टेजवर गेले, मखमली खुर्च्यांच्या मधे उभे राहिले, टोपी नीट केली आणि भाषण सुरू केलं.

"रतन," ते म्हणाले, आणि उजवीकडच्या लोकांना नमस्कार झाला. "रतन," डावीकडच्यांना. मग आवाज खाली घेऊन संथ सुरुवात, मग चढत चढत जाणं, मग एकदम थांबणं. चांगला हात हवेत फिरत होता. मास्तरांकडं हात करून अभिनंदन केलं, बजरंगकडं बघून बहुतेक त्याच्या कामाचं कौतुक केलं, धुळाजीवर काहीतरी कोटी केली, त्याला धुळाजीनं जोरात दाद दिली. शब्द एकच, पण भाषण अस्सल होतं. छबुबाईनं ह्या माणसाची पुष्कळ भाषणं ऐकली होती, लोक सतरंजीवर बसायचे, ती मात्र मागं दाराआडून ऐकायची. त्यांत गावाचा उद्धार असायचा, रस्ता असायचा, विरोधकांची सालटी काढणं असायचं. ती कधी नसायची.

आता सरपंच थांबले. रांगांवरून फिरणारी त्यांची नजर तिच्यापाशी येऊन थबकली. हात तिच्याकडं केला. आवाज एवढा खाली आला की पत्र्यावरच्या पावसात तो वेचून घ्यावा लागत होता.

"रतन," ते म्हणाले. थांबले. "रतन रतन… रतन."

मागच्या-पुढच्या सगळ्या माना वळल्या. छबुबाईनं पदर पुढं ओढला आणि जमिनीकडं बघत राहिली. रतनबाई तिच्या कानाशी लागली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"बाई, हे तुमच्यावर होतं."

"काय म्हणले?"

"ते तुमाला कळंल. मला कसं कळावं?"

छबुबाईला सगळं कळलं असं नाही. चार लोकांसमोर नवऱ्यानं तिच्याबद्दल काही बोलायची ही पहिलीच वेळ, आणि शब्द म्हणावा तर तो भलत्याच बाईचा. पण आवाज तिच्या ओळखीचा होता. तेजू झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी उभं राहून ह्याच आवाजात त्यांनी विचारलं होतं, "बरी हाईस ना?" इतक्या वर्षांत तो आवाज तिनं दुसऱ्यांदा ऐकला. रतन परळीची असेल किंवा नसेल, पण हा आवाज तिच्या वाट्याचा नव्हता असं तिला म्हणवेना.

पंचमीच्या आदल्या दिवशी बद्रीनाथ जीप घेऊन आला. ठरल्याप्रमाणं मोठी बॅग उचलायला आत गेला आणि नुसती कापडी पिशवी घेऊन बाहेर आला.

"आक्का, एवढंच? कपडे समदे म्हणली होतीस."

"परवा येताना काय काय वाहू?"

"परवा?"

"मग? परवा शनिवार. रविवारी आमाला गेवराईला जायचंय. तिथं माणसं वाट बघतेत." आणि तो बघतच राहिला तशी म्हणाली, "दोन दिवस झोके खेळते, दिंडं खाते, भांडते तुझ्या बायकोशी. पुरं झालं की."

बद्रीनाथनं दाजींकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, आणि शहाणपणानं जीपचं दार उघडलं.

पण जायच्या आधी छबुबाईनं कौसाला बोलावून सरपंचांच्या समोर बसवलं. "ध्यान दे. आखूड म्हणले की पाणी. लांबट म्हणले की भूक. मानेचं ऐकू नको, वस्तू समोर धर. आणि म्हणले की ओ द्यायची, नुसतं बघत बसायचं न्हाई."

"मी? रतन म्हणून ओ देऊ?" कौसा गोरीमोरी झाली. "गाव काय म्हणंल, जाऊबाई?"

"तेच, जे तू आजवर म्हणत आलीस."

कौसानं खाली बघितलं. सरपंचांनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं, आणि छबुबाईकडं वळून, शेवट वर नेत म्हणाले, "रतन?"

"परवा," ती म्हणाली. "दिवस बुडायच्या आत."

जीप निघाली. वेशीपर्यंत पोचली नसेल, तोच मागून घराकडून आवाज आला, सरपंचांचा, मोठा आणि वैतागलेला, आणि त्यावर कौसाची घाबरी ओ. बद्रीनाथनं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला. "आक्का, फिरवू का मागं? काय झालं असंल?"

छबुबाईनं हात वर करून त्याला गप्प केलं आणि कान दिला. आवाज पुन्हा आला. तिनं पिशवीतून मोबाईल काढला, कौसाचा नंबर लावला.

"अगं, घाबरू नको. टोपी मागायलेत. कॉटखाली गेली असंल, बघ." मग फोन पदरात गुंडाळत ती भावाला म्हणाली, "चल. उजेडी पोचू."